छातीतील धूळ कोणाच्या खाती?

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण उपदेशाच्या ओघात सहज म्हणून जातो. या म्हणीत सोसतो तो दगड, आणि देवपण मिळते तेही दगडालाच. टाकी मारणाऱ्याचे पुढे काय होते, याविषयी म्हण काही सांगत नाही. दगडावर टाकी पडली की पांढरी भुकटी उडते. तिच्यातील सर्वांत बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण टाकी मारणाऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात आणि दहा-वीस वर्षांनी त्याला चार पावले चालले तरी धाप लागू लागते. वैद्यकशास्त्र या रोगाला सिलिकोसिस म्हणते. दगड-वाळूच्या धुळीने होणारा हा रोग, कोळशाच्या धुळीने होणारा त्याचा भाऊबंद आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारा तिसरा, हे सारे कूळ न्यूमोकोनिओसिस या नावाने ओळखले जाते. हा शब्द १८६६ साली झेंकर या जर्मन वैद्याने प्रचारात आणला. रोग मात्र माणूस दगड फोडू लागला तेव्हापासूनचा आहे.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने क्ष-किरणांच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या रोगाचा मुख्य पुरावा म्हणजे छातीचा फोटो आणि त्या फोटोवरील ठिपक्यांची दाटी किती, यावर अनेक देशांत एका कुटुंबाला भरपाई मिळणार की नाही हे ठरते. ठिपके मोजण्याचे माप कोणी केले, मोजणारा कोण, त्याचे शुल्क कोण देतो आणि शंका उरल्यास तिचा फायदा कोणाला मिळतो, हे प्रश्न वैद्यकाइतकेच अर्थशास्त्राचे आणि न्यायाचेही आहेत.

मापाचा जन्म

प्रथम रोगाची रीत समजून घ्यावी. दगड, वाळू आणि गारगोटी यांत सिलिका हे द्रव्य असते. त्याचे मोठे कण नाका-घशात अडकतात आणि खोकल्यावाटे बाहेर पडतात. पाच मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक असलेले कण मात्र थेट फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळतात. पण सिलिका पचत नाही, उलट गिळणारी पेशीच मरते. तिच्यातून सुटलेला कण दुसरी पेशी गिळते आणि तिचीही तीच गत होते. या अखंड झटापटीच्या जागी व्रण धरतात आणि मऊ फुफ्फुसात कठीण गाठी तयार होतात. या गाठी विरघळवणारे औषध आजही नाही. काम सोडल्यावरही रोग पुढे सरकत राहू शकतो. शिवाय अशा फुफ्फुसात क्षयाला आयते घर मिळते. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही रोगांत दिसत असल्याने कित्येक दगडकामगारांना केवळ क्षयाचे रोगी ठरवून औषधे दिली जातात. तो पोटासाठी काय काम करतो, हे विचारायचे राहून जाते.

क्ष-किरणांच्या फोटोत हवेने भरलेले फुफ्फुस काळे दिसते आणि गाठी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. रॉन्टगेनने १८९५ साली लावलेल्या शोधाचा उपयोग या रोगासाठी मोठ्या प्रमाणावर झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत. तेथले सोने गारगोटीच्या खडकात सापडते. तो खडक यंत्राने कोरू लागल्यावर धूळ वाढली आणि कामगार भराभर मरू लागले. मरणाऱ्यांत गोरे कामगारही होते, त्यांना मत होते आणि त्यांच्या संघटना होत्या; म्हणून कायदे झाले आणि १९१६ पासून गोऱ्या खाणकामगारांची क्ष-किरण तपासणी नियमाने होऊ लागली. संख्येने कितीतरी अधिक असलेल्या काळ्या कामगारांच्या वाट्याला मात्र बहुतांशी वजनकाटा आणि ओझरती नजर आली. ज्याचा फोटो निघाला त्याचा रोग नोंदला गेला. ज्याचा निघाला नाही तो गावी परतून मेला. त्या काळ्या कामगारांच्या दाव्यांची तडजोड व्हायला २०१८ साल उजाडले. पाच अब्ज रँडच्या त्या तडजोडीला न्यायालयाची मान्यता मिळाली २०१९ मध्ये, म्हणजे पहिल्या फोटोनंतर शंभर वर्षांनी.

याच देशात, जोहान्सबर्ग येथे, १९३० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सिलिकोसिसवर परिषद भरवली. देशोदेशीचे डॉक्टर जमले आणि फोटोत दिसणाऱ्या खुणांची वर्गवारी ठरवण्याचा पहिला प्रयत्न तेथे झाला. परिषदेच्या खर्चाला ट्रान्सवालच्या खाणमालकांच्या संघटनेने हातभार लावला होता, हेही नमूद केले पाहिजे. पुढे १९५०, १९५८, १९६८, १९७१, १९८०, २००० आणि २०११ साली या वर्गवारीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २०११ मध्ये फिल्मऐवजी संगणकाच्या पडद्यावर पाहिल्या जाणाऱ्या फोटोंनाही ती लागू करण्यात आली. २०२२ मध्ये तिची आणखी एक सुधारित आवृत्ती आली. तिचे मूळ सूत्र मात्र कायम आहे.

चौतीस आणि पस्तीस

ते सूत्र साधे आहे. वाचणाऱ्याने समोरचा फोटो संघटनेने पुरवलेल्या प्रमाण-फोटोंशेजारी ठेवायचा आणि कोणत्याशी तो अधिक जुळतो ते सांगायचे. सोनाराने कसोटीवर सोने घासावे तसाच हा प्रकार. आधी फोटो वाचण्याजोगा निघाला आहे की नाही, हे पाहायचे. मग ठिपक्यांचा आकार पाहायचा. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंतचे असल्यास पी, दीड ते तीनपर्यंतचे क्यू आणि तीन ते दहापर्यंतचे आर. वेडेवाकडे असतील तर त्याच मापांना एस, टी आणि यू ही अक्षरे. फुफ्फुसांचे डावे-उजवे मिळून सहा भाग कल्पून कोणत्या भागात ठिपके आहेत, तेही लिहायचे. दहा मिलिमीटरहून मोठी छाया असेल तर ती ए, बी किंवा सी या वर्गात जाते आणि तेथे रोग गंभीर मानला जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठिपक्यांची दाटी. तिचे चार मुख्य वर्ग आहेत: शून्य, एक, दोन आणि तीन. पण निसर्गाने रोगाला पायऱ्या पाडून दिलेल्या नाहीत. ठिपके हळूहळू दाट होत जातात आणि दोन वर्गांच्या सीमेवरचा फोटो कोठे टाकावा, असा पेच नेहमीच पडतो. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनच्या कोळसा-उद्योगातील संशोधकांनी या पेचातून एक सुरेख वाट काढली आणि १९६८ च्या आवृत्तीत ती स्वीकारली गेली. वाचणाऱ्याने एक आकडा न लिहिता दोन लिहायचे. पहिला म्हणजे त्याचा निर्णय. दुसरा म्हणजे निर्णयापूर्वी त्याने गंभीरपणे विचारात घेतलेला पर्याय. १/० याचा अर्थ, मी याला पहिल्या वर्गात टाकतो, पण शून्य म्हणावे काय असाही विचार माझ्या मनात आला. ०/१ म्हणजे, मी शून्य म्हणतो, पण एकही म्हणता आले असते. याप्रमाणे ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्या होतात.

आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. ज्यांनी कधी परीक्षेचे गठ्ठे तपासले आहेत त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. चौतीस गुणांची उत्तरपत्रिका हाती आली की लाल पेन्सिल क्षणभर थबकते. एक गुण द्यावा की न द्यावा? आपण अखेरीस चौतीस लिहितो किंवा पस्तीस लिहितो आणि मनातील ती घालमेल कागदावर कोठेच उरत नाही. निकालपत्रकात पास दिसतो किंवा नापास दिसतो. छातीच्या फोटोंच्या वर्गवारीने ही घालमेलच नोंदवून ठेवण्याची सोय केली. शास्त्राच्या प्रामाणिकपणाचा याहून चांगला नमुना सहजासहजी सापडणार नाही.

पण शास्त्राने जेथे शंकेची नोंद ठेवली तेथे कायद्याला रेघ मारावी लागते. ज्या पुस्तिकेत ही वर्गवारी दिली आहे तिनेच स्पष्ट केले आहे की, हिच्यातून रोगाची कायदेशीर व्याख्या निघत नाही आणि भरपाई कोणत्या पायरीपासून द्यावी हेही ही वर्गवारी ठरवत नाही. ती रेघ प्रत्येक देशाने आपापली मारायची आहे. अमेरिकेच्या कोळसा-कामगारांविषयीच्या नियमांत ती ०/१ आणि १/० यांच्यामध्ये मारलेली आहे. १/० हा रोगाचा पुरावा धरला जातो, ०/१ धरला जात नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले तर अनुभवी डॉक्टरांतही मतभेद होऊ शकतो. एकाच डॉक्टराने तोच फोटो सहा महिन्यांनी वाचला तरी उत्तर बदलू शकते. आणि याच केसभर अंतरावर एका घरातील चूल अवलंबून असते.

मापात पाप

असे असेल तर वाचणाऱ्याचे बोट कोणत्या बाजूने वाऱ्यावर आहे, हा प्रश्न अटळ होतो. याबाबत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टन येथे खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार दगावले. पुढच्याच वर्षी त्या राज्यातील हजारो खाणकामगारांनी काळ्या फुफ्फुसाच्या रोगासाठी संप केला आणि १९६९ संपण्यापूर्वी खाणकामगारांच्या आरोग्याचा व सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. भरपाई आली तसे फोटो वाचणारे आले. वाचन एकसारखे व्हावे म्हणून १९७४ पासून डॉक्टरांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था सरकारने सुरू केली. या परीक्षेला उतरलेल्यांना तेथे बी-रीडर म्हणतात.

माप उत्तम, मोजणारे परीक्षा दिलेले. तरीही मापात पाप शिरलेच, आणि ते दोन्ही बाजूंनी शिरले. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांतील ४९२ फोटोंचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दावेदारांच्या वकिलांनी नेमलेल्या वाचकांना त्यांपैकी ९५.९ टक्के फोटोंत रोगाशी जुळणारे बदल दिसले होते. तेच फोटो कोणाचे आहेत हे न सांगता तटस्थ वाचकांपुढे ठेवले, तेव्हा त्यांना ते बदल ४.५ टक्के वाचनांतच आढळले. पुढच्याच वर्षी टेक्सासमधील एका संघीय न्यायालयापुढे सिलिकोसिसचे दहा हजारांहून अधिक दावे एकत्र आले होते. त्यांतील नऊ हजारांवर दावेदारांचे निदान अवघ्या बारा डॉक्टरांनी केले होते, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी आधी ॲस्बेस्टॉसच्या रोगासाठीही दावे लावले होते. ही निदाने आरोग्यासाठी वा न्यायासाठी झालेली नसून पैशासाठी तयार केलेली आहेत, असा कडक निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला.

हे वाचून कोणी कारखानदार समाधानाची मान डोलवील, तर त्याने दुसरी बाजूही ऐकावी. २०१३ साली अमेरिकेतील शोधपत्रकारांनी एका नामांकित विद्यापीठ-रुग्णालयातील फोटो-वाचन विभागाची कागदपत्रे तपासली. हा विभाग कोळसा-कंपन्यांकडून शुल्क घेऊन कामगारांचे फोटो वाचून देत असे. तेथील प्रमुख डॉक्टराने २००० सालापासून पंधराशेहून अधिक कामगारांच्या प्रकरणांत मत दिले होते आणि त्यांपैकी एकाही कामगाराच्या फोटोत त्याला रोगाचे गंभीर रूप दिसले नव्हते. शंभरावर प्रकरणांत त्याने नाही म्हटलेला रोग पुढे फुफ्फुसाचा तुकडा तपासून किंवा शवविच्छेदनातून निर्विवाद सिद्ध झाला. रुग्णालयाला तो विभाग थांबवावा लागला आणि त्या वृत्तमालेला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण दावा फेटाळला गेल्यावर जे वारले त्यांना पारितोषिकाचा काय उपयोग?

यातून डॉक्टर मंडळी अप्रामाणिक असतात असा अर्थ कोणी काढू नये. सीमेवरचा फोटो वाचताना मन कोठल्या तरी बाजूला झुकतेच. शुल्क देणाऱ्याचे तोंड रोज दिसत असेल तर ते त्या बाजूला थोडे अधिक झुकते, आणि हा थोडा झोक हजार फोटोंवर पसरला की त्याचे अन्यायात रूपांतर होते. परीक्षा मंडळे उत्तरपत्रिकेवर नाव न घालता क्रमांक घालतात आणि वर नियामक नेमतात. त्यामागे शिक्षकांविषयी अविश्वास नसतो; माणसाच्या स्वभावाचे ज्ञान असते. फोटो-वाचनालाही हाच न्याय लावावा. वाचणारे किमान दोन असावेत, ते स्वतंत्रपणे वाचणारे असावेत, फोटो कोणाचा आणि शुल्क कोणाचे हे त्यांना कळू नये आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निवाडा द्यावा. रोगाच्या शास्त्रीय पाहण्यांत अशी अनेक वाचकांची शिस्त आवश्यक मानली जाते. जी शिस्त संशोधनाला हवी ती कामगाराच्या हक्काला नको, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आता संगणकाला फोटो वाचायला शिकवले जात आहे. तेही चांगलेच, परंतु संगणक शिकतो तो माणसांनी केलेल्या वाचनांवरूनच. गुरूचा झोक शिष्यात उतरतो, हे विसरून चालणार नाही.

ज्यांचा फोटोच निघत नाही

अमेरिकेतील वाद फोटो कसा वाचावा याचा आहे. आपल्याकडील बहुसंख्य धूळ-कामगारांची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. त्यांचा फोटोच निघत नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील सिलिकोसिसची पाहणी १९४७ साली प्रसिद्ध झाली होती. म्हणजे स्वतंत्र भारताला हा रोग जन्मापासून ठाऊक आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात तो भरपाईयोग्य व्यावसायिक रोग म्हणून आला आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात अधिसूचित रोग म्हणून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली असून त्यांच्या याद्यांतही सिलिकोसिस आहे. यादीत नाव नसल्याची तक्रार कोणालाच करता येणार नाही. मात्र कारखाना कशाला म्हणावे याची मर्यादा नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या उद्योगासाठी दहा कामगारांवरून वीसवर आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीसवर नेण्यात आली आहे. धूळ माणसे मोजून उडत नाही; बारा माणसांच्या कारखान्यातही ती तितकीच उडते.

आपल्यापैकी ज्यांनी दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवली त्यांनी मध्यप्रदेशातील मंदसौरचे नाव ऐकलेले नसेल, पण तेथल्या पाटीपेन्सिली देशभर गेल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांच्या फोटोत सिलिकोसिस आढळला. आपल्या अक्षर-ओळखीचा एवढा खर्च दुसऱ्या कोणाच्या फुफ्फुसावर पडत होता. गुजरातेतील खंबायतला अकीक घासून मणी आणि अंगठ्यांचे खडे करतात. हा धंदा घरोघर चालतो, त्यामुळे कारखान्याचा कायदा दारातच थांबतो. धूळ मात्र थांबत नाही, ती घरातील बायकामुलांच्याही छातीत जाते. मध्यप्रदेशाच्या अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी गोध्र्याच्या आसपासच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि काही वर्षांतच खंगून घरी परतले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. या लोकांपाशी नेमणुकीचे पत्र नव्हते, हजेरीपटाचा उतारा नव्हता. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही त्याने आपण अमक्या मालकाकडे धूळ खाल्ली हे सिद्ध कसे करावे?

आपल्या राज्यातही पुण्याच्या आसपासच्या खडी-क्रशरवर, कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करताना आणि गावोगाव दगड फोडणाऱ्या वडार समाजाच्या वस्तीत हीच धूळ आहे. आणि मुंबईच्या गिरणगावाने तर आणखी एक धडा शिकवून ठेवला आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची स्वतःची अशी खूण छातीच्या फोटोत उमटत नाही. सुटीनंतर कामावर रुजू झाल्या दिवशी छाती आवळून येते, ही त्याची मुख्य ओळख. म्हणून त्याच्या पायऱ्या फोटोवरून न ठरवता कामगाराला विचारून ठरवाव्या लागतात. ज्या रोगात साक्षीला फिल्म नाही, केवळ कामगाराचा शब्द आहे, त्या रोगाच्या भरपाईसाठी किती जणांचा शब्द मानला गेला, हे गिरणी कामगारांच्या घरी जाऊन विचारावे. फोटो हा चांगला साक्षीदार आहे, परंतु एकमेव साक्षीदार नव्हे.

खर्च कोणाच्या खाती?

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये असे मांडले की, जे काम अधिक कष्टाचे वा किळसवाणे त्याला मजुरी अधिक मिळते. पाठ्यपुस्तकांत हे विधान आजही आहे. त्यात दोन गृहीते आहेत. कामगाराला धोका ठाऊक असतो, आणि त्याच्यापुढे दुसरे काम असते. अलीराजपूरहून निघालेल्या मजुरापाशी यांपैकी काय होते? पिगूने १९२० साली दुसरी गोष्ट सांगितली. उत्पादनाचा काही खर्च उत्पादकाच्या वहीत न येता परक्याच्या अंगावर पडतो, तेव्हा बाजारभाव खोटा असतो. त्याने उदाहरण दिले ते कारखान्याच्या धुराचे. त्या न्यायाने पाहता फरशी, खडी, काच आणि मण्यांचे भाव आज कमी दिसतात, कारण त्यांतील एक रक्कम कामगाराच्या छातीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने नावे टाकलेली असते.

राजस्थानने २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण आखले. रोगाचे प्रमाणपत्र मिळालेल्यास तीन लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना दोन लाख आणि शिवाय मासिक निवृत्तिवेतन, अशी त्याची रूपरेषा आहे. मालक कोण हे सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरवले, हे या धोरणाचे मोठे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने दिले पाहिजे. पण प्रमाणपत्राला पैशाचे मोल आल्यावर खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणेही तेथे निघाली, आणि आता खऱ्या रोग्यालाही संशयाच्या नजरेतून जावे लागते. दुसरा दोष अधिक खोल आहे. भरपाई सार्वजनिक निधीतून जाते, तेव्हा ज्या खाणीत धूळ अधिक तिच्या मालकाला काहीच अधिक द्यावे लागत नाही. मग तो पाणी मारून छिद्रे पाडील कशाला, आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसवील कशाला? मध्यप्रदेशाने १९८२ मध्ये पाटीपेन्सिल कामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा केला होता. धंद्याचा भार धंद्याने उचलावा, हे तत्त्व धरून त्याच्या पुढे गेले पाहिजे. प्रत्येक उद्योगावर त्याच्या हवेतील मोजलेल्या धुळीच्या प्रमाणात कर बसवावा. धूळ घटली की कर घटावा. मालकाच्या वहीत धुळीचे खाते उघडले की धूळ कमी करण्याची बुद्धी त्याला आपोआप होईल.

राहिला शंकेचा प्रश्न. अमेरिकेच्या कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे. पंधरा वर्षे भूमिगत खाणीत किंवा तिच्यासारख्या परिस्थितीत काम केलेल्या आणि श्वसनाने पूर्ण निकामी झालेल्या कामगाराचे अपंगत्व धुळीनेच आले असे गृहीत धरायचे. त्याचा फोटो नकारार्थी असला तरी चालेल. तसे नाही हे दुसऱ्या पक्षाने सिद्ध करावे. ही तरतूद १९८१ साली काढून टाकण्यात आली आणि २०१० मध्ये पुन्हा आणण्यात आली. माप तेच, फोटो तेच. शंकेचे ओझे कोणी वाहायचे एवढेच कायद्याने बदलले. आपल्या संहितांखालील नियमांत अशीच तरतूद दगड, गारगोटी आणि वाळूच्या धंद्यांसाठी करता येईल. ठरावीक वर्षे धुळीत काढल्याचे शेजारी, सहकामगार वा ग्रामपंचायत सांगत असेल, फोटो १/० असेल किंवा ०/१ असून श्वसनशक्ती घटली असेल, तर शंकेचा फायदा ज्याची छाती आहे त्याला मिळावा. खोटा दावा मान्य झाला तर निधीचे काही लाख जातात आणि ते वसूल करता येतात. खरा दावा फेटाळला गेला तर जे जाते ते वसूल करता येत नाही. दोन चुकांची किंमत सारखी नसताना तराजू मध्यावर धरणे हा निःपक्षपात नव्हे.

आणखी एक गोष्ट विनाविलंब करण्याजोगी आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी असा आदेश दिला. हा नियम प्रत्येक धुळीच्या धंद्याला लावून प्रत्येक फोटोची प्रत कामगाराच्या हाती द्यावी. रुजू होताना काढलेला फोटो आणि दहा वर्षांनंतरचा फोटो शेजारी ठेवले तर ०/१ आणि १/० यांच्या वादातील अर्धी हवा निघून जाईल. दहावीची गुणपत्रिका आपण जन्मभर जपतो. आपल्याच फुफ्फुसाची गुणपत्रिका मालकाच्या कपाटात का असावी?

तरीही ध्यानात ठेवायचे ते हेच की, फोटोवर पहिला ठिपका दिसतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागातील तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात या रोगाच्या अतिगंभीर अवस्थेचे ४१६ कोळसा-कामगार आढळले, असे २०१८ साली जाहीर झाले. जगातील सर्वांत तपशीलवार नियम आणि परीक्षा दिलेले वाचक असलेल्या देशात हे घडले. उत्तम माप घरात असले म्हणून धूळ कमी होत नाही. ती कमी होते पाण्याने, पंख्याने, झाकणाने आणि तपासनीसाच्या फेरीने. बारा पायऱ्यांची ही वर्गवारी शास्त्राने मोठ्या प्रामाणिकपणे आपल्या हाती दिली आहे. तिच्यावर कोण किती चढला हे मोजणे डॉक्टरांचे काम. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोणालाच पाय ठेवावा लागू नये, हे पाहणे मात्र त्या फरश्यांवरून रोज चालणाऱ्या तुम्हा-आम्हा सर्वांचे काम आहे.